बायकांच्या बाकावर

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी पुरुष आहे.

ही दोन वाक्यं एकापुढे एक लिहायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात कुणी विचारलं की मी 'छातीत गाठ होती' एवढंच सांगायचो. ऐकणारा आपल्या परीने काहीतरी समजून घ्यायचा, कुणी हृदयाचं, कुणी फुप्फुसाचं. मी दुरुस्ती करत नसे. आता करतो. ज्याला हे वाचून वेळेवर डॉक्टरकडे जावंसं वाटेल त्याच्यासाठी लिहितो आहे. औषधोपचारांचं डॉक्टर सांगतील. या आजारात माणसाला काय काय ऐकावं लागतं आणि कोण कोण जवळ सरकून बसतं, तेवढं मला माहीत आहे.

बनियनवरचा डाग

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि पन्नाशीला टेकलो होतो. पाळी संपली की आम्ही सगळे कपडे बदलायच्या खोलीत नळाखाली ऑइल धुवायचो. उघड्या अंगाने, मोठमोठ्याने बोलत. त्या खोलीत कुणाच्याच शरीराला सुट्टी नव्हती. पोट सुटलेल्याला 'कितवा महिना?', काडी पैलवानाला 'वहिनी उचलून ठेवतात का रे?' आणि एखाद्याची छाती जरा भरलेली असली तर विचारूच नका.

माझ्या डाव्या छातीवर, बोंडीच्या मागे, हरभऱ्याएवढी टणक गाठ लागायला लागली. दुखत नव्हती. काही महिन्यांनी तिथे थोडा फुगवटा दिसू लागला. शेजारच्या मशीनवरचा पगारे साबण चोळता चोळता म्हणाला, "काय प्रभाकर, वयात आलास की काय?"

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून शर्ट बदलायला लागलो. नंतर तेही सोडलं आणि ऑइलच्या कपड्यांवरच स्कूटरला किक मारून घरी यायला लागलो.

बायकोला, सुमनला, मी काहीच बोललो नव्हतो. पण घरातले कपडे ती धुवायची. एक दिवस माझं बनियन हातात धरून ती मागच्या दारातून आत आली. छातीच्या जागी फिकट तांबूस डाग होता.

"अहो, हे काय आहे?"

"मशीनवर काहीतरी लागलं असेल."

"मागच्या आठवड्यात पण होता. त्याच जागी."

मग दाखवावं लागलं. बोंडी आत ओढली गेली होती. सुमनने बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "चरबीची गाठ असेल. पुरुषांना होतं असं या वयात. जरा चालत जा." मला बरं वाटलं. चरबी म्हटल्यावर लाजण्यासारखं फार काही नव्हतं.

सुमनला मात्र बरं वाटलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "ही गाठ मला असती आणि माझ्या कपड्याला डाग आला असता, तर तुम्ही मला नुसतं चालत जा म्हणाला असता का?"

त्याच आठवड्यात आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

पेशंट कुठे आहे?

शरणपूर रोडला तपासणी केंद्र होतं. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो होतो. भोवती सगळ्या बायका आणि त्यांच्यासोबत आलेले नवरे, मुलगे. आतून एक सिस्टर आली आणि म्हणाली, "गायधनी? चला ताई, ब्लाउज काढून हा गाऊन घाला."

सुमन म्हणाली, "मी नाही, हे."

"ते थांबतील इथेच. तुम्ही चला."

"अहो, पेशंट ते आहेत."

सिस्टरने हातातला कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. खुर्च्यांवरचे सगळे नवरे एकाच वेळी मान वळवून बघायला लागले. मी तो गाऊन हातात घेऊन आत गेलो. त्यावर बारीक गुलाबी फुलं होती.

तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवलं. सुमन तिच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"ब्रेस्टचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले.

"पण तो तर बायकांना..." मी म्हणालो.

"पुरुषांनाही होतो. क्वचित होतो, म्हणून उशिरा कळतो. तुमचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही."

पुढचं सगळं सुमननेच ऐकलं. ऑपरेशन, मग केमो, मग शेक म्हणजे रेडिएशन, मग गोळ्या. परत येताना गंगापूर रोडला एका रसवंतीपाशी तिने स्कूटर थांबवायला लावली. दोन ग्लास रस समोर ठेवून आम्ही बसलो. चरकाची घुंगरं वाजत होती. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. मरणाची भीती नंतर आली. आधी आला पगारे. कारखान्यात काय सांगायचं, याची मी जुळवाजुळव करत होतो.

सुमनच्या मनात वेगळं चाललं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "छातीत गाठ आहे, एवढंच सांगायचं सगळ्यांना. वैशूचं लग्न व्हायचंय अजून."

वैशाली आमची एकुलती एक मुलगी. तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मी मान हलवली. रस तसाच राहिला.

शर्ट घातला की झालं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन राऊंडला आले. डावी बाजू पूर्ण काढावी लागेल, बोंडीसकट, आणि काखेतल्या गाठीही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बायकांना मनाला फार लागतं हो याचं. तुम्हाला काय, शर्ट घातला की झालं."

ते मनापासून धीर देत होते. मीही हसलो. पण त्यानंतर काही वाईट वाटलं तर ते बोलायची सोय राहिली नाही.

पुरुषांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर हर्नियाचा पेशंट होता. त्याने विचारलं, "तुमचं काय?" मी म्हणालो, "माझंही हर्नियाच." छातीला पट्टे, काखेतून आलेली नळी आणि बाजूला लटकणारी बाटली, असला हर्निया त्याने कधी पाहिला नसणार. पण भला माणूस होता, पुढे काही विचारलं नाही.

पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा सुमन समोर होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, स्वतःकडे नाही. डाव्या काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत आडवी शिवण, आणि तिच्यावर काहीच नाही. सपाट. माणसाच्या छातीवर ते एक बोंडीचं निशाण असतं. त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. पण नसल्यावर ती छाती माझी वाटेना.

सुमनने बराच वेळ पाहिलं आणि सिस्टरला विचारलं, "टाके किती सुबक घातलेत. कोणी घातले?" तिला शिवणकाम येतं. ती दाद खरीच होती. मला एकदम रडू आलं आणि तिने मला रडू दिलं.

घरी करायच्या व्यायामाचा कागद मिळाला. सगळ्या चित्रांत एक वेणीवाली बाई भिंतीवर बोटं चढवत होती. मी रोज सकाळी त्या बाईसारखा भिंतीसमोर उभा राहायचो. वैशाली पेन्सिलीने भिंतीवर खूण करायची, "पप्पा, कालच्यापेक्षा वर गेला हात." ती खूण जसजशी वर सरकली तसतसा मी माणसांत यायला लागलो.

मी जित्ता हाय ना रं?

केमोने केस गेले. डोक्यावरचे गेले त्याचं मला फार वाटलं नाही. मिशी गेली तेव्हा मात्र आरसा नकोसा झाला. आमच्याकडे मिशी कधी उतरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप गेल्यावर.

एकदा डॉक्टरांकडे जाताना रस्त्यात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कधी गेले आबा? कळवलं नाहीत." मी म्हणालो, "आबा ठणठणीत आहेत. माझीच जरा पडझड झालीय."

आबा, म्हणजे माझे वडील, सिन्नरजवळच्या गावी असायचे. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. एक दिवस एस.टी.ने ते एकटेच नाशिकला आले. दारात उभे राहिले, हातातली पिशवी खाली न ठेवता माझ्याकडे बघत राहिले.

"मी जित्ता हाय ना रं?" ते म्हणाले.

"आबा, औषधाने गेलेत केस. परत येतील."

"मिशी बी?"

"मिशी बी."

सुमनने पाणी आणलं. ते प्यायले, टेकले, मग म्हणाले, "गावात समदे टीबी म्हणत्यात. तू खरं सांग."

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी नाव घेऊन सांगितलं.

"त्यो तर बायांचा रोग."

"पुरुषालाही होतो, आबा."

"आपल्यात कुणा गड्याला झाला नाय." मग थोड्या वेळाने, "टीबीच राहू दे."

एके काळी लोक टीबी लपवायचे. माझ्या वडिलांना टीबी सांगायला बरा वाटला. मला राग आला नाही. मी स्वतः हर्निया सांगून आलो होतो.

निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट केली. मी खाली वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच फिरवत राहिले. "तुजं जावळ काढलं तवा असाच दिसत हुतास," असं म्हणून ते पिशवी उचलून गेले.

जुबेदाभाभी

शेक देण्याच्या मशीनची सकाळची वेळ या आजाराच्या पेशंटना दिलेली होती. म्हणजे सगळ्या बायका आणि मी. भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होता. पहिल्या दिवशी मी समोर खांबाला टेकून उभा राहिलो, कुणाचा तरी नवरा असल्यासारखा.

बाकावर काळा बुरखा घातलेली, तोंड उघडं ठेवलेली एक धिप्पाड बाई बसली होती. ती म्हणाली, "भाईजान, मर्दों का उस तरफ है."

"मी इथलाच आहे, भाभी."

तिला कळलं नाही. मी शर्टाचं वरचं बटण काढून गळ्याखाली आलेली जांभळी रेघ दाखवली. शेक कुठे द्यायचा हे ठरवायला छातीवर शाईने रेघा मारतात आणि त्या धुवायच्या नसतात. बाकावरच्या प्रत्येकीच्या अंगावर त्या होत्या. बाईने रेघ पाहिली.

"तो फिर खडे कायको हो? बैठो ना," ती म्हणाली आणि सरकली. तिच्या पलीकडच्या सरकल्या. मला जागा झाली.

ती मालेगावची जुबेदाभाभी. घरी यंत्रमाग होते. शेक संपेपर्यंत ती नाशिकला भावाकडे राहिली होती. तिला गप्प बसणं माहीत नव्हतं. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात वापरायची आणि सगळ्यांना सगळं समजायचं. कुणाला मळमळ होत असली की पदराला लिंबू बांधून आण म्हणायची, कुणी रडायला लागली की तिची पाठ चोळत स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सांगायची. काही दिवसांतच बायका माझ्यासमोर मोकळं बोलायला लागल्या. ब्लाउजमध्ये कापूस भरला तर तो खाली कसा सरकतो, यावर एकदा बराच वेळ चर्चा झाली. पेठ तालुक्यातली एक अगदी तरुण बाई होती. तिच्या नवऱ्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. ती ते सांगताना नखाने बाकाचं लाकूड खरवडत होती.

जुबेदाभाभी म्हणाली, "मेरी सास बोलती, तेरेको क्या फिकर, बुरखे में क्या दिखता है! अरे, किसी को नहीं दिखता. पर मेरेको तो मालूम है ना."

मी न राहवून म्हणालो, "मला सर्जन म्हणाले, शर्ट घातला की झालं."

ती माझ्याकडे वळली. "तुमको भी वही बोले?" आणि ती हसायला लागली. "मेरेको बुरखा, तुमको शर्ट!"

सगळा बाक हसला. पेठची ती बाईसुद्धा. आतून टेक्निशियन बघायला आला, काय झालं म्हणून.

त्या बाकावर बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या बायकांना घरची माणसं सांगत होती, आता तू पुरती बाई राहिली नाहीस. मला लोक सुचवत होते, तू जरासा बाई झालास. जखम एकाच जागेची. आणि कुणालाच 'तुला कसं वाटतंय' असं विचारायचं सुचत नव्हतं. बाकावर मात्र रोज तेच पहिलं विचारलं जायचं.

दाखवायची जागा हाय का ती?

शेक संपला, गोळ्या सुरू झाल्या. मिशी पूर्वीपेक्षा कुरळी उगवली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी बहीण आहे का तुम्हाला? त्यांना सांगा. तपासून घ्यायला हवं. मुलीनेही पुढे लक्ष ठेवायचं."

मला एकच बहीण, मंदा. माझ्यापेक्षा धाकटी. निफाडकडे दिलेली, घरची द्राक्षबाग. तिलाही आम्ही 'छातीत गाठ' एवढंच सांगितलं होतं.

घरी येऊन मी सुमनला म्हणालो, मंदाला खरं सांगायला पाहिजे. सुमन भांडी लावत होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "वैशूचं ठरू दे आधी. तिकडे सांगितलं की सगळ्या पाहुण्यांत होईल. रक्तातला रोग म्हणतील. कोण करील तिला?"

"आणि मंदाला काही असलं तर?"

"नसेल हो. नसेलच."

आतल्या खोलीतून वैशाली बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "आई, माझ्या लग्नासाठी आत्याने थांबायचं का?"

सुमनच्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. मायलेकींमध्ये खूप बोलाचाली झाली. मग घरात बोलणंच बंद झालं. सुमन चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लग्न ठरवताना मुलीचं काय काय बघितलं जातं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण रविवारी सकाळी मी निफाडला जायला पायात चपला घातल्या, तर ती साडी नेसून तयार होती. "मीही येते," एवढंच म्हणाली.

मंदाच्या घरी द्राक्षाची खुडणी चालू होती. पडवीत क्रेट रचलेले होते. तिने चहा ठेवला. मेहुणे बागेत होते. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. "मंदा, मला जो आजार झाला ना, तो स्तनाचा कॅन्सर होता."

"काहीतरीच काय दादा," ती हसली. "गडी माणसाला कुठं..." आणि तिथेच थांबली, कारण सुमन हसत नव्हती.

मी सगळं सांगितलं. बनियनचा डाग, फुलांचा गाऊन, जुबेदाभाभीचा बाक. ती ऐकत होती. चहा उतू गेला तरी उठली नाही. मग तिने विचारलं, "दादा, गाठ हाताला कशी लागती?"

"हरभऱ्यासारखी. टणक. सरकत नाही, दुखत नाही."

ती खाटेवर टेकली. "मला बी हाय."

सुमनने पटकन जाऊन दार लोटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बागेची छाटणी झाली तवापासनं. चार-पाच महिनं झालं."

"कुणाला दाखवलीस?"

"कुणाला दाखवू? इथला डॉक्टर बाप्या माणूस. ह्यांना कसं सांगू? सासूला सांगितलं तर ती म्हनेल, कुठं काय चाचपत बसतीस." तिने माझ्याकडे बघितलं. "ती काय दाखवायची जागा हाय का दादा?"

माझी गाठ मी लपवली, कारण पुरुषाला ती असायलाच नको होती. तिने लपवली, कारण बाईने तिचं नावसुद्धा काढायला नको होतं. एका घरात वाढलेली आम्ही दोघं भावंडं, एकच गाठ घेऊन आपापल्या भिंतीकडे तोंड करून उभी होतो.

मेहुण्यांना मी बागेत जाऊन सांगितलं. ते हातातली कात्री खिशात घालून तसेच घराकडे निघाले. वाटेत एकदाच म्हणाले, "मला बोलली नाही हो." दुसऱ्या दिवशी मंदा नाशिकला आमच्या घरी होती.

दोघांना एकच झालंय

मंदाची गाठ लहान होती. वेळेत मिळाली, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. भिंतीवरच्या व्यायामाला मीच तिच्यासमोर उभा राहायचो, वेणीवाल्या बाईच्या जागी.

आबा दवाखान्यात येऊन बसले होते. गावाकडचे एक जण भेटायला आले आणि आबांच्या शेजारी बसून हळहळले, "पोरीला ह्यो असला बायांचा रोग, आन् पोराला टीबी. लय वाईट झालं."

मी तिथेच होतो.

"टीबी नाय त्याला," आबा म्हणाले. "दोघांना एकच झालंय. एका आईच्या पोटचे हायेत, एकच व्हनार."

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. आबांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

एक पंखा

गोळ्या हार्मोनच्या विरुद्ध काम करणाऱ्या होत्या आणि बरीच वर्षं घ्यायच्या होत्या. त्यांच्यामुळे माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. बसल्या बसल्या घामाने शर्ट भिजायचा, उगाच चिडचिड व्हायची, जाहिरात बघूनही डोळ्यांत पाणी यायचं. सुमनचीही त्याच सुमाराला पाळी जात होती. दोघं एकदम घामाघूम व्हायचो आणि टेबलफॅन आपल्याकडे वळवण्यावरून भांडायचो.

"असं होतं तुला?" मी एकदा विचारलं.

"कधीपासून होतंय. तुम्ही म्हणायचा, नुसती चिडचिड करतेस."

"आता कळलं."

"मग वळवा इकडे पंखा," ती म्हणाली. मी वळवला.

कारखान्यात मी पगारेला स्वतःहून सांगितलं. तो ओशाळला, "च्यायला, काय काय बोललो मी तुला." मग दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये हळूच विचारलं, "हाताने कसं बघायचं रे?" मी त्याला दाखवलं, चहाचे ग्लास बाजूला सारून.

वैशालीने तिला बघायला आलेल्या मुलांना स्वतःच सांगितलं, आमच्याकडे हे आहे. एक स्थळ त्यावरून गेलं. सुमन दोन दिवस जेवली नाही. नंतर आलेल्या मुलाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबांची तब्येत आता कशी आहे?" तो आमचा जावई आहे.

शाळेच्या खोलीत

मंदा बरी झाल्यावर तिच्या गावच्या आरोग्यसेविकेने बायकांसाठी एक कार्यक्रम ठेवला. नाशिकहून डॉक्टरबाई येणार होत्या. मंदाने मला निरोप दिला, "दादा, तू बी ये. तुझं सांग."

शाळेची खोली बायकांनी भरली होती. गडी माणसं बाहेर पायऱ्यांवर बसली होती, आपला काही संबंध नाही अशी. डॉक्टरबाईंनी चित्रांचा तक्ता लावला. बायकांनी माना खाली घातल्या. पदर तोंडाशी गेले. डॉक्टरबाई छान सांगत होत्या, पण तक्त्याकडे कुणी बघेना. मी माझी हकीकत सांगितली. ती मात्र त्यांनी ऐकली. गडी माणसाला झाला म्हटल्यावर दोघीतिघींनी वर पाहिलं.

मग मागून कुणीतरी अगदी बारीक आवाजात विचारलं, "कापल्यावर कसं दिसतं?"

डॉक्टरबाई सांगू लागल्या, पण सांगून ते कळत नाही. मंदा पुढे बसली होती. तिचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. दाराबाहेर पुरुष होते, सासरची माणसं होती. तिला ते करता येणार नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली.

मला समजलं. पुरुषाने उघडं बसायला कुणाची बंदी नाही. शेतात, विहिरीवर, ओसरीवर, सगळीकडे चालतं. तरी ऑपरेशन झाल्यापासून मी घराबाहेर शर्ट काढला नव्हता. मी बटणं काढली. शर्ट काढला, मग बनियन काढलं, आणि त्या सगळ्या बायकांसमोर उभा राहिलो.

आधी त्यांनी तिरकं बघितलं. मग सरळ. कुणी तोंडावर हात धरला नाही, कुणी हसलं नाही. पदर खाली आले. एक म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली आणि जवळ आली. तिने आपलं खरखरीत बोट माझ्या काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत त्या रेघेवरून सावकाश नेलं.

"दुखतं का रं आता?"

"नाही, आजी."

"एवढंच असतं व्हय?"

"एवढंच."

तिने बोट काढून घेतलं आणि वळून डॉक्टरबाईंना म्हणाली, "मंग माजी बी बघ बाई. लय दिस झालं."

डॉक्टरबाई तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. मंदाने दार लावलं आणि स्वतः दारापाशी उभी राहिली. हळूहळू आणखी दोघी तिथे येऊन आपल्या नंबराची वाट बघत थांबल्या.

मी शर्ट अंगावर चढवला आणि बाहेर पायऱ्यांवर आलो. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलेलं होतं. माझ्याच वयाचा एक जण, डोक्यावर टोपी, हातात तंबाखूची डबी, खाली बघत म्हणाला, "आमाला बी होतो म्हनता त्यो?"

"होतो," मी म्हणालो, आणि बटणं न लावताच त्याच्या शेजारी बसलो.